विचारायला बाई हवी

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारी 1989. ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला. 650 बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या 92 टक्के बायकांना गर्भाशयाचा, पाळीचा, अंगावरून जाण्याचा, असा एक तरी आजार निघाला. आणि याआधी कधी तपासणी झालेल्या बायका किती? जेमतेम 8 टक्के.

हे काम डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचं. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ, आपल्या नागपूरच्या मेडिकलमधून शिकलेल्या. तोवर खेड्यातली बाई सरकारी आरोग्ययोजनांना दिसायची ती मुख्यतः बाळंतपणात, नाहीतर कुटुंबनियोजनाच्या शिबिरात. मधल्या वर्षांत तिची कंबर का मोडते, हे कुणी मोजायला गेलं नव्हतं. बायाही सांगत नव्हत्या. पुरुष डॉक्टरसमोर काय सांगणार? ‘बाईचं असंच असते’ म्हणून गप्प.

संशोधनात बायका कमी, हा विषय निघाला की लोक नोकऱ्यांचा हिशोब मांडतात. तो मांडावाच. पण मला जास्त टोचतं ते हे, की विचारणारीच नसेल तर काही प्रश्न जन्मालाच येत नाहीत. कपाशी वेचणाऱ्या बाईच्या पाठीचा प्रश्न घ्या. चुलीच्या धुराचा घ्या. कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरात, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही संस्थाही आपल्या नागपुरात. प्रश्न तर सायकलच्या अंतरावर आहेत.

मी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. सुरुवातीला एमएस्सीच्या वर्गात मुली पहिल्या बाकावर मावायच्या. निवृत्त झाले तेव्हा मुलगेच कोपऱ्यात बसलेले. देशाचं चित्र तसंच आहे. 2021-22 च्या सरकारी पाहणीत विज्ञान शाखेत 57 लाखांवर विद्यार्थी होते, त्यांत मुली जवळपास 30 लाख, म्हणजे मुलांपेक्षा जास्त. आणि प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत बायका पाचांत एकही पुरती नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. 1933 साली सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, पुढे 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या. दर 8 मार्चला ही गोष्ट सांगतात, म्हणून मी दोन वाक्यांत उरकली. तेव्हा दार बंद होतं. आता दार उघडं आहे, पोरी आत येतात, आणि तिशीच्या आसपास मागच्या दाराने निघून जातात.

का जातात? पीएचडीची वर्षं आणि लग्न-बाळंतपणाची वर्षं एकच. नियम आता बरे आहेत. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2016 मध्ये पीएचडीच्या मुलींना 240 दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा दिली, वर दोन वर्षांची मुदतवाढ. मध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाची फेलोशिप आहे. पण मुलाखतीच्या टेबलावर नियम बसत नाही, माणसं बसतात. मला एका ठिकाणी विचारलं होतं, ‘यजमानांची बदली झाली तर?’ माझ्यानंतर आत गेलेल्या गृहस्थांना मी बाहेर मुद्दाम गाठून विचारलं. त्यांच्या बायकोच्या बदलीची चौकशी कुणी केली नव्हती.

वरच्या खुर्च्यांचं तर बोलायलाच नको. नीरी ज्या सीएसआयआरची, म्हणजे देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेची, प्रयोगशाळा, ती संस्था 1942 ची. तिच्या पहिल्या महिला महासंचालक, एन. कलैसेल्वी, आल्या 2022 मध्ये. पुढच्याच जानेवारीत नागपूर विद्यापीठात सायन्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या शास्त्रज्ञांचं अधिवेशन, भरली. विषयात महिला सक्षमीकरण होतं, आठवत असेल.

आता एक घरगुती गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी, उमरेडकडची. लग्नानंतरही पीएचडी चालू होती. रोज उशीर, रोज घरी धुसफूस. शेवटी तिच्या सासूबाईच मला भेटायला आल्या. ‘काहून हो मॅडम, रातच्या आठ वाजेपर्यंत काय शिजवते ते तुमच्या कॉलेजात?’

मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. काचेची उभी नळी दाखवली. आत पांढरी सिलिका, वरून थेंबथेंब द्रावक. मिसळलेले पदार्थ त्यातून वेगवेगळे होत खाली उतरतात. आम्ही त्याला कॉलम लावणं म्हणतो. द्रावक सिलिकेच्या खाली गेला की ती कोरडी पडते, तडकते, आणि दिवसभराची मेहनत वाया. म्हणून मध्येच उठून बस पकडता येत नाही.

बाई बराच वेळ नळीकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, ‘मंग तसं सांगाव ना माय. लाडवाच्या पाकावरून कोनी उठते का?’