चकव्याला तोंड नसतं

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. नाव ‘नेव्हर अलोन’, इनुपियाक भाषेत ‘किसिमा इंगिचुना’. अर्थ असा, की मी एकटी नाही. हा गेम पाहण्याइतकाच ऐकण्याचा आहे, म्हणून रेडिओवरून त्याच्याबद्दल सांगायला मला विशेष आवडतं.

अलास्काच्या अगदी उत्तरेला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे. तिथे नोव्हेंबरात एकदा सूर्य मावळला की साधारण ६५ दिवस उगवत नाही. हा ‘इनुपियात’ नावाच्या आदिवासी लोकांचा मुलूख, इनुपियाक ही त्यांचीच भाषा. एवढ्या लांब काळोखात माणसं काय करणार? गोष्टी सांगणार. त्यातली एक गोष्ट कुनूक्सायुका नावाच्या मुलाची. हिमवादळ थांबता थांबत नाही, गावाला शिकार मिळत नाही, म्हणून हा मुलगा वादळ येतं तरी कुठून ते शोधायला निघतो. रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड नावाचे जुने कथेकरी ही गोष्ट सांगत. अँकरेजच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या आदिवासींच्या संस्थेने गेम करायचा ठरवला, तेव्हा क्लीव्हलंड यांच्या कन्या मिनी ग्रे यांच्याकडे आधी परवानगी मागितली गेली. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. आधी परवानगी, मग गेम.

कथा लिहिण्यात इश्माएल होप हे कवी आणि कथेकरी होते, आणि जवळजवळ ४० वडीलधारी माणसं, कथेकरी आणि समाजातले इतर जाणकार सोबतीला होते. २०१४च्या नोव्हेंबरात गेम आला. मुलाच्या जागी नुना नावाची मुलगी आली, तिच्या जोडीला पांढरा कोल्हा आला. खेळताना मधूनमधून घुबडं दिसतात. घुबडापर्यंत पोचलात की एक छोटी चित्रफीत उघडते आणि तिथलीच माणसं आपल्या जगण्याबद्दल बोलतात. अशा २४ चित्रफिती आहेत. कथन सगळं इनुपियाक भाषेत, खाली इंग्रजी ओळी. डबिंग केलं नाही, याचा मला फार आनंद आहे. आपल्याकडे चांगल्या चांगल्या परदेशी मालिकांना भलतेच आवाज चिकटवतात आणि मग आजी, राक्षस, पोलीस सगळे एकाच माणसासारखे बोलतात. भाषा कळली नाही तरी चालेल, पण सांगणाऱ्याचा खरा आवाज कानावर पडला पाहिजे.

तर माझी बारा वर्षांची भाची सुट्टीत आमच्या कुडाळजवळच्या घरी आली होती. गेम तिच्या लॅपटॉपवर होता. मी शेजारी बसून बघत होते, माझी आई पलीकडे तांदूळ निवडत होती. व्हेलच्या शिकारीची चित्रफीत लागली, तेव्हा भाचीला वाईट वाटलं. एवढा मोठा जीव मारतात? मग त्या माणसांनी सांगितलं की ते मांस साऱ्या गावात वाटलं जातं. मी तिला ते मराठीत सांगितलं, तशी आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, “रापणीचे वाटे असतत तसे.” भाचीला रापण माहीत नव्हती. झालं, लॅपटॉप तसाच राहिला आणि आईने रापण सांगितली. ते किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा.

पुढची चित्रफीत उत्तरेच्या आकाशातल्या हिरव्या प्रकाशाची. तिथल्या मुलांना मोठी माणसं बजावतात की डोक्यावर टोपी ओढून घ्या, नाहीतर तो प्रकाश तुमचं मुंडकं नेईल आणि त्याचा चेंडू करून खेळेल. भाची दचकली, आणि तिने लगेच आजीला विचारलं, “आजी, तुला लहानपणी कशाची भीती घालायचे?”

आई म्हणाली, चकव्याची.

आणि तिने तिच्या काकांची गोष्ट सांगितली. ते कुडाळच्या बाजारातून परतताना रानातली वाट धरून आले, पिशवीत सुके बांगडे. रोजची वाट, पण फिरून फिरून त्याच ऐनाच्या झाडाखाली येत. शेवटी जाणत्यांनी सांगून ठेवलेलं आठवलं. चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथे बसायचं. ते बसले. कोंबडा आरवला, फटफटलं, आणि पाहतात तर स्वतःच्याच कुंपणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, बसलेले!

भाचीने वही मागितली. शाळेत ती ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिते, आणि तो दरवर्षी तसाच असतो, कारण गाईडमधला पावसाळा दरवर्षी तसाच असतो. निबंधाची गाईडं घरात येऊच देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. इथे मात्र तिने आधी विचारलं, “आजी, काकांच्या जागी मी मुलगी घेतली तर चालेल?” मिनी ग्रेंच्या परवानगीबद्दल मी तिला तोवर काही बोलले नव्हते. आई म्हणाली, “घे. पण वाट तीच ठेव.”

पहिला खर्डा झाला. त्यात मुलगी चकवा कुठून येतो ते शोधायला रानात शिरते, चकवा तिला भेटतो आणि दोघांच्या भरपूर गप्पा होतात. आईने ऐकलं आणि म्हणाली, “चकव्याक तोंड नसता गो. तो बोलना नाय.”

भाची रडवेली झाली. सगळी गोष्ट गप्पांचीच होती! मी मध्ये पडणार होते, पण गप्प राहिले, आणि ते फार बरं झालं. कारण दुसऱ्या दिवशी तिने जे लिहिलं, ते असं. मुलगी चकव्याला प्रश्न विचारते. उत्तर ‘हो’ असेल तर तिच्या पायाखालचा पालापाचोळा वाजतो. उत्तर ‘नाही’ असेल तर ती पाल्यावरून चालते आणि आवाजच होत नाही. ती विचारते, तुला राग आलाय? आवाज नाही. तुला घरी जायचंय? आवाज नाही. तुला गोष्ट ऐकायचीय? सगळा पाला एकदम वाजतो. मग मुलगी ऐनाच्या झाडाखाली बसते आणि कोंबडा आरवेपर्यंत गोष्ट सांगते.

आईने हे दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, हां, असो असता चकवो.

एक सांगते, श्रोतेहो. चकव्याची गोष्ट भाचीला त्या गेमने दिली नाही, ती आजीकडेच होती. गेमने तिला विचारायला लावलं. आणि आजीने हटकलं, म्हणून पाल्याचा आवाज सापडला.

या गेमला २०१५मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘फॉक्सटेल्स’ हा त्याचा पुढचा भाग आला, तोही तिथल्याच एका पारंपरिक गोष्टीवर. मूळ गेम पुढे मोबाईलवरही आला. दोघांनी मिळून खेळता येतो, एक नुना आणि एक कोल्हा. शक्यतो तसाच खेळा, आणि घुबडं चुकवू नका. घरात जुन्या गोष्टी सांगणारं कोणी असेल तर त्यांनाही जवळ बसवा. मुलांनी काही लिहिलंच, तर गोष्टीखाली ती कुणाकडून ऐकली त्यांचं नाव लिहायला सांगा. भाचीने तिच्या आजीचं लिहिलंय, त्याखाली आजीच्या काकांचं, आणि मग स्वतःचं.

नमस्कार.