परीचा बाण आणि दावणीची गाय

मित्रहो, आयर्लंडच्या पऱ्यांचा विषय निघाला की आपण टेकड्या, चांदणं आणि गाण्यांतच रमतो. मला आज तुम्हाला थेट गोठ्यात न्यायचंय. एकोणिसाव्या शतकातल्या गरीब आयरिश कुळाला या अदृश्य शेजाऱ्यांची धास्ती वाटायची, ती मुलाबाळांइतकीच गाईपायी.

शेजारी म्हणतो, कारण ते पंखवाले चिमुकले जीव नव्हेत. माणसांसारखेच घरदार, गुरंढोरं असलेले, जुन्या मातीच्या गोल गढ्यांत राहणारे. अशा सुमारे ४५,००० गढ्या देशभर विखुरल्यात. तिथे नांगर घालायचा नाही, तिथलं काटेरी झाड तोडायचं नाही. त्यांचा उल्लेखही ‘भले लोक’ असा जपून करायचा.

आता गाय बघा. सकाळपर्यंत धड होती, दुपारी चारा सोडला, अंग थरथरतंय. म्हणजे तिला पऱ्यांचा बाण लागला! मग गावातल्या जाणत्याला बोलावणं जायचं. तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हाताने तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत मापायचा, एकदा नाही, तीनदा. मग पाठीवरून बोटं फिरवत खड्डा शोधायचा, वरचे केस शाबूत पण खाली कातडी दबलेली. खड्डा सापडला की गारगोटीचे बाणाचे फाळ आणि नाणी पाण्यात घालून ते पाणी गाईला पाजायचं. हे फाळ शेतात नांगरताना मिळत. ते हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी घडवलेले, पण लोकांच्या लेखी पऱ्यांचे.

तो खड्डा निव्वळ कल्पना होती असं मला वाटत नाही. एका माशीच्या अळ्या गुरांच्या अंगातून प्रवास करत वसंतात पाठीच्या कातडीखाली येतात आणि श्वासासाठी भोक पाडतात. जाणत्याच्या बोटांना काहीतरी खरोखरच लागत असणार. रोगाचं निदान चुकलं असेल, पण गाय त्याने नीट चाचपली होती.

हा सगळा धसका शिगेला पोचायचा १ मेच्या सुमारास. त्या दिवशी घराबाहेर विस्तव द्यायचा नाही, दूध द्यायचं नाही, नाहीतर वर्षाचं लोणी दुसऱ्याच्या घरी जाईल. गोठ्याच्या दाराला रोवन नावाच्या झाडाची डहाळी, उंबऱ्यावर पिवळी फुलं. लोणी घुसळत असताना कुणी आलं, तर त्याने देवाचं नाव घेऊन दांड्याला हात लावल्याशिवाय जायचं नाही. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्यांत उतरवलेल्या आठवणींत हे पुन्हा पुन्हा येतं.

आणि जमीनदाराचा खंड भरायची नेहमीची तारीख कोणती? १ मे आणि १ नोव्हेंबर. गावोगावचं लोणी फिरकिनमध्ये, म्हणजे छोट्या लाकडी पिंपांत, भरून कॉर्क शहराच्या प्रचंड बाजारात जायचं, त्या पैशांवर खंड भागायचा. लोणी आलं नाही तर घर जायचं, इतका सरळ हिशोब होता.

म्हणूनच क्लेअर परगण्यातल्या फीकल गावाजवळच्या बिडी अर्ली या जाणत्या बाईकडे लोक दुरून येत. निळ्या बाटलीत पाहून ती गुरांचं, माणसांचं दुखणं सांगे. धर्मगुरूंचा तिला कडवा विरोध होता. १८६५मध्ये १५८६च्या चेटूकविरोधी कायद्याखाली तिला एनिसच्या न्यायालयात उभं केल्याचं सांगतात. साक्ष द्यायला कुणी धजेना, खटला बारगळला. लोक तिच्या शापाला भ्यायले असतीलही. पण पुढची गाय आजारी पडली की त्यांना तिच्याच दारात जायचं होतं.