लाईन उनी का?

हे भुसावळचं यार्ड, पहाटेचं. मुंबईकडून आलेली लाईन इथं फुटते, एक अकोल्यावरून नागपूरला जाते, दुसरी खंडव्यावरून इटारसीला. अप लाईन, डाऊन लाईन, लूप लाईन, आणि पुढच्या स्टेशनाकडून 'लाईन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही हा रेल्वेचा जुना नियम.

आता रावेरची ही केळीची बाग. लागवड चाललीय, मजूर दोरी ताणून पाच बाय पाच फुटांवर खुणा करतायत, दोरी ढिली पडली की अख्खी लाईन वाकडी. आणि गंमत बघा, इंग्रजी लाईनचं मूळ दोरीतच आहे! लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, आपण ज्याची चटणी करतो तेच, त्याच्या धाग्याची दोरी ती लिनिआ. दोरीवरून रेघ झाली, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, मग रूळ, तार, सगळंच. तिकडे इंग्रजीत कवितेची ओळ पण लाईन आणि मासे धरायच्या गळाची दोरी पण लाईन. आपल्याकडे पोलिसांच्या घरांची पोलीस लाईन, पोरीच्या मागं फिरणं म्हणजे लाईन मारणं, आणि बिघडलेला पोरगा कामाला लागला की लायनीवर आला.

पण शेतकऱ्याला विचारा, त्याची लाईन एकच, विजेची. अमळनेर तालुक्यातलं हे कपाशीचं शेत, रात्रीचा दीड वाजलाय, बांधापलीकडून हाक येते, 'लाईन उनी का रे भो?' उनी म्हणजे आली. घरात बल्ब लागला तरी ही लाईन आलेली नसते, मोटारीला थ्री फेज, म्हणजे तिन्ही तारांतली वीज लागते, आणि थ्री फेज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, असं कित्येक गावांत वर्षानुवर्षं चाललं. हा पत्र्याचा डबा बघा, आत स्टार्टर, त्याला ऑटो जोडलेला, लाईन आली की आपोआप खट् होऊन मोटार उचलते. तरी माणसाला यावंच लागतं, नळी कुठं फुटली, पाणी कुठं गेलं ते अंधारात कोण बघणार? साप, विंचू, ओल्या हातानं बसलेला शॉक, यात माणसं गेलीत. पिकाला पाणी दिवसा पाहिजे, लाईन पण दिवसाच द्या.

खट्. मोटार बंद. बॅटरी विझवून तो बांधावरच बसलाय, येईल परत म्हणून.