विश्वामित्रीच्या काठची सयाजीबाग

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याला गेलेला मराठी माणूस लक्ष्मीविलास राजवाडा सावकाश पाहतो आणि सयाजीबागेसाठी परतीच्या गाडीआधीचा तासभर ठेवतो. फसगत होते ती इथे. ही बाग 113 एकरांची. तासाभरात मुलांची छोटी आगगाडी होते, जमिनीखालच्या यंत्रावर चालणारं फुलांचं घड्याळ होतं, आणि संग्रहालय राहून जातं. तेव्हा अख्खा दिवस ठेवा.

स्टेशनातून सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. अलकापुरीच्या बाजूला उतरलात तर रूळ ओलांडून परत यावं लागतं. तिथून बाग जेमतेम किलोमीटरभर. रिक्षावाल्याला ‘कमाटी बाग’ म्हटलंत तर लगेच कळतं. प्रवेशद्वाराजवळचा काळा घोडा ही खूण. मुंबईच्या काळ्या घोड्यावर एडवर्ड राजा होता, इथल्या घोड्यावर सयाजीराव आहेत. हा पुतळा डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचा.

बाग 1879 सालची. तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव अजून सज्ञानही नव्हते, कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. संग्रहालय मात्र पुढे सयाजीरावांच्याच हौसेतून उभं राहिलं आणि 1894 मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

बागेत शिरायला तिकीट नाही. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि तारांगण यांची तिकिटं मात्र वेगवेगळी काढावी लागतात. संग्रहालय राज्य सरकारचं, बाकी दोन्ही महापालिकेची. त्यामुळे वेळा आणि सुटीचे वार जुळत नाहीत. निघण्याआधी तिन्हींची चौकशी करा, नाहीतर एखाद्या दाराला कुलूप भेटतं.

क्रम असा लावा. सकाळी आधी प्राणिसंग्रहालय, कारण ऊन चढलं की जनावरं सावलीला जाऊन पडतात आणि पिंजरा रिकामाच दिसतो. तेही नदीच्या दोन्ही अंगांना असल्याने पूल ओलांडायला विसरू नका. ऊन तापलं की संग्रहालयात शिरा. बहुतेक लोक याच्या उलट करतात, चार वाजता दमून तिथे पोचतात आणि इजिप्तची ममी व देवमाशाचा सांगाडा बघून बाहेर पडतात. मुलांना तेवढंच हवं असतं, हेही खरं. पण अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती चुकवू नका. अकोटा म्हणजे बडोद्याचाच एक भाग. 1951 मध्ये तिथे हा साठा सापडला, आणि त्यातल्या काही मूर्ती दीड हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. शेजारच्या चित्रदालनाची इमारत 1914 मध्ये बांधून झाली, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं अडकली आणि दालन उघडायला 1921 उजाडलं. दोन्ही मिळून किमान अडीच तास धरा.

आता नदीबद्दल. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. दिसायला ओढ्याएवढी, पण शहराच्या मधोमध तिच्यात मगरी राहतात, आणि त्या मोकळ्या आहेत, पिंजऱ्यातल्या नव्हेत. हिवाळ्यात सकाळी त्या काठावर ऊन खात पडतात. पुलावरून निवांत बघा. फोटोसाठी उतारावरून पाण्याकडे जाऊ नका, चिखलाच्या रंगात मगर ओळखू येत नाही. पावसाळ्यात पात्र वळणावळणाचं आणि अरुंद असल्याने पाणी पटकन चढतं. त्यात वरून आजव्याच्या तलावाचं पाणी सुटलं की आणखीच. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. तेव्हा जुलै ते सप्टेंबर शक्यतो टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

शेवटी तारांगण. तिथले खेळ भाषेप्रमाणे वेगवेगळ्या वेळी असतात. मुलांना गुजराती समजत नसेल तर आत शिरल्या शिरल्या हिंदी खेळाची वेळ विचारून ठेवा, आणि छोटी आगगाडी सुरू असेल तर तिची फेरी त्याच्या आधीच उरकून घ्या.