‘इंफाळ’च्या बोधचिन्हावरचा कांगला-सा

26 डिसेंबर 2023 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस इंफाळ’ ही विनाशिका नौदलात दाखल झाली. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, 164 मीटर लांबीच्या या नौकेला ईशान्य भारतातल्या शहराचे नाव मिळाले आहे. एवढ्या मोठ्या युद्धनौकेला असे नाव मिळण्याची ही पहिलीच वेळ.

युद्धनौकेच्या नावाचा अर्थ तिचे बोधचिन्ह चित्राने सांगते. हातभर चिन्हात अख्खे शहर मावत नाही, त्यामुळे नेमके काय निवडले, यालाच महत्त्व येते. ‘सुरत’ या दुसऱ्या विनाशिकेने हजीऱ्याचे दीपगृह आणि आशियाई सिंह निवडला. ‘इंफाळ’च्या चिन्हात डावीकडे मणिपूरच्या राजांचे प्राचीन आसन असलेला कांगला राजवाडा आहे, तर उजवीकडे कांगला-सा हा काल्पनिक प्राणी. पाश्चात्त्य चिन्हशास्त्रात बघणाऱ्याची डावी बाजू ही ढाल धरणाऱ्याची उजवी, म्हणून मानाची समजतात. त्या हिशेबाने मान राजवाड्याला मिळतो. नजर मात्र प्राण्यावर खिळते.

ड्रॅगनचे मस्तक आणि सिंहाचे शरीर असलेला कांगला-सा हा मणिपुरी परंपरेतला प्रजेचा रक्षक असून मणिपूरचे राज्यचिन्हही तोच आहे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. वास्तवात नसलेला, अनेक प्राण्यांचे बळ एका देहात घेऊन उंबरठ्यावर उभा राहणारा प्राणी दोन्हीकडे आहे.

कांगल्यात या रक्षकाच्या दोन भव्य मूर्ती होत्या. 1891 च्या इंग्रज-मणिपूर युद्धात राज्य हरल्यावर इंग्रजांनी त्या उद्ध्वस्त केल्या आणि कांगल्यात लष्करी ठाणे बसवले. स्वातंत्र्यानंतरही तिथे आसाम रायफल्सचा तळ राहिला. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये कांगला मणिपूर सरकारच्या ताब्यात आला आणि पुढे मूर्ती पुन्हा उभ्या राहिल्या. राजवाडा आणि रक्षक यांना एकाच चिन्हात शेजारी बसवण्यामागचे औचित्य या इतिहासामुळे अधिक उमगते.

मणिपूरला समुद्रकिनारा नाही. तरीही डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातल्या राजवाड्याचा हा राखणदार आता ब्राह्मोस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या विनाशिकेच्या बोधचिन्हावर आहे.