सम रिकामी ठेवणारा ठेका

नमस्कार श्रोतेहो.

आज सुरुवात हातांनी करू. समोर टेबल असेल तर उत्तम, नाहीतर आपली मांडी आहेच. सावकाश चार मात्रा मोजा. एक, दोन, तीन, चार. आता 'एक' म्हणताना हात वरच राहू द्या, काहीही वाजवू नका. 'दोन'ला बोटांनी हलकेच चक. 'तीन'ला पूर्ण तळवा, धप्प. 'चार'ला पुन्हा चक. एक... चक, धप्प, चक. एक... चक, धप्प, चक.

ज्यांचे कान तबल्यावर घडले आहेत त्यांचा हात इथे अडखळणार. माझाही अडखळला होता. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर एक कॅसेट लागली होती. मी सवयीने पहिल्या मात्रेवर मान डोलवत होतो आणि ती मात्रा दर वेळी पोकळ निघत होती. आपल्याकडे सम म्हणजे घर. गवई कुठे कुठे फिरून समेवर पोचला की सगळी बैठक 'वा' म्हणते. इथे घराचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. जमैकाचे वादक या ठेक्याला 'वन ड्रॉप' म्हणतात. पहिला ठोका गाळायचा आणि सगळा भार तिसऱ्यावर टाकायचा.

हे रेगे संगीत. आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा फक्त उच्चार जुळतो. रेगेची गोष्ट बहुतेक जण बॉब मार्लीपासून सांगतात. मार्ली माझाही लाडका आहे, पण तो या गोष्टीत बराच पुढे येतो. गोष्ट सुरू होते ती लाउडस्पीकरपासून. आणि मी रेडिओवरून बोलतो आहे, तेव्हा एक कबुली आधीच देतो: या गोष्टीत रेडिओची बाजू फारशी अभिमानाची नाही.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे. 1655 पासून तिथे इंग्रजांची सत्ता होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर उसाचे मळे उभे राहिले. 1838 मध्ये गुलामगिरी पूर्ण संपली तेव्हा मळेवाल्यांनी मजूर आणले ते आपल्या देशातून. 1845 मध्ये कलकत्त्याहून निघालेलं पहिलं जहाज जमैकाच्या किनाऱ्याला लागलं. त्या गिरमिटिया मजुरांनी गांजा सोबत नेला, शब्दासकट. आजही जमैकन माणूस 'गांजा'च म्हणतो, आणि पुढे ज्या रास्ताफारी पंथाने रेगेला आत्मा दिला त्या पंथात गांजाला धुनीइतकं पवित्र स्थान मिळालं.

आता 1950 च्या आसपासच्या किंग्स्टन शहरात या. हॉटेलांत बँड वाजतात, पण ते पैसेवाल्यांसाठी. गावाकडे बँजो आणि लाकडी खोक्याच्या साथीने गायलं जाणारं मेंटो नावाचं लोकसंगीत आहे. शहरातल्या गरीब वस्तीला मात्र हवं आहे अमेरिकेतलं नवं, कृष्णवर्णीयांचं नाचरं संगीत, आणि तबकडी विकत घ्यायला खिशात पैसा नाही. टॉम वाँग नावाच्या एका दुकानदाराने यावर उपाय काढला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम शिकून परतलेले हेडली जोन्स नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांच्याकडून वाँगने दणदणीत ॲम्प्लिफायर बनवून घेतला. कपाटाएवढे स्पीकर, एखादं मोकळं अंगण, दारावर थोडं तिकीट. याला नाव पडलं 'साउंड सिस्टिम', आणि त्या अवाढव्य स्पीकरना लोक म्हणत 'हाऊस ऑफ जॉय', आनंदाचं घर.

मग चुरस लागली. एका बाजूला ड्यूक रीड हा माजी पोलीस, दुसऱ्या बाजूला अमेरिकेत ऊसतोडीला जाऊन तबकड्या घेऊन आलेला कॉक्सन डॉड. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं गाणं, त्याच्याकडे गर्दी. म्हणून हे लोक तबकडीवरचं लेबल नखाने, ब्लेडने खरवडून काढत. गाण्याचं नाव नाही, गायकाचं नाव नाही. कॉक्सनने तर अशाच एका सॅक्सोफोनच्या तबकडीला आपलंच नाव देऊन टाकलं होतं आणि ती त्याची ओळख बनली होती. ड्यूक रीडने अखेर ती तबकडी कुठली हे हुडकून काढलं आणि एका रात्री आपल्या स्पीकरवरून वाजवली. कॉक्सनला घेरी यायची बाकी राहिली होती, असं सांगतात.

अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि मनासारख्या तबकड्या येईनाशा झाल्या. तेव्हा याच लोकांनी स्थानिक वादकांना गोळा करून स्वतः ध्वनिमुद्रण सुरू केलं. हे वादक आले कुठून? किंग्स्टनमध्ये अल्फा नावाची शाळा आहे. अनाथ आणि गरीब मुलांसाठी कॅथलिक जोगिणी ती चालवत, आणि तिथल्या बँडमध्ये मुलं तुतारी, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन शिकत. सिस्टर मेरी इग्नेशियस यांच्याकडे तबकड्यांचा मोठा साठा होता. त्या मुलांना बसवून जाझ ऐकवत. 1964 मध्ये स्थापन झालेल्या 'स्कॅटलाइट्स' या वाद्यवृंदातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक यांच्यासारखे मातब्बर याच शाळेतून आले. त्यांचं संगीत म्हणजे स्का. चाल द्रुत, गिटारचा झटका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधे पडणारा. 6 ऑगस्ट 1962 ला जमैका स्वतंत्र झाला होता आणि तो उत्साह स्कामध्ये ऐकू येतो.

1966 च्या सुमारास लय निम्म्यावर उतरली आणि तिला 'रॉकस्टेडी' हे नाव पडलं. त्या वर्षी उन्हाळा इतका कडक होता की लोकांना जोरात नाचवेना, असं कारण सांगतात. मला ते अपुरं वाटतं. लय सैल झाली तशी बेस गिटारला जागा मिळाली, आणि जागा मिळताच तो स्वतः गाऊ लागला. शिवाय चार वर्षांत स्वातंत्र्याचा आनंद ओसरून हाताला काम नसलेली पोरं रस्त्यावर दिसत होती. 1968 मध्ये ऑर्गनचा बुडबुडता ठेका त्यात आला, टूट्स हिबर्ट यांच्या गाण्याच्या शीर्षकात 'रेगे' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला आणि नाव ठरून गेलं.

आशय मात्र आला रास्ताफारींकडून. हे लोक इथिओपियाचे सम्राट हायले सेलासी यांना देव मानत. केसांच्या जटा वाढवून राहत, पोलिसांचा मार खात, आणि प्रतिष्ठित समाज त्यांना दाराशी उभं करत नसे. 21 एप्रिल 1966 ला सम्राट खरोखरच किंग्स्टनला उतरले तेव्हा हजारो जटाधारी धावपट्टीवर घुसले. अंगणातली ढोलकी, बायबलमधले विलाप, आफ्रिकेची ओढ हे सगळं रेगेत उतरलं. आणि रेडिओ? तो बराच काळ परदेशी गोड गाणी वाजवत राहिला. रेगेचा निकाल अंगणातल्या स्पीकरसमोर लागत होता, लोकांच्या पायांनी.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो प्रसंग याच सुमाराचा. स्पॅनिश टाउन गावचा साउंड सिस्टिमवाला रडी रेडवूड ड्यूक रीडच्या स्टुडिओत एका लोकप्रिय गाण्याची खास प्रत तबकडीवर कोरून घ्यायला गेला होता. तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज घालायचा राहून गेला. रडीने ती प्रत तशीच ठेवून घेतली. रात्री आधी मूळ गाणं वाजवलं आणि मग ही मुकी प्रत लावली. क्षणभर लोक चमकले, आणि मग सगळ्या अंगणाने ते गाणं स्वतः म्हटलं.

तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला बिनआवाजाचं 'व्हर्शन' येऊ लागलं. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे किंग टबी यांनी त्याची कला केली. एका छोट्या घरात ध्वनिमिश्रणाचा जुना मिक्सर, गायकाला उभं राहायला न्हाणीघर. तिथे बसून ते ढोल काढून घेत, बेस तेवढा ठेवत, गायकाचा एखादा शब्द येऊ देत आणि प्रतिध्वनीत विरू देत. हेच 'डब'. त्या मोकळ्या जागेत यू-रॉयसारखे निवेदक तालात बोलू लागले. किंग्स्टनची ही अंगणं लहानपणी पाहिलेला एक मुलगा कुटुंबासोबत न्यूयॉर्कला गेला. त्याचं नाव डीजे कूल हर्क. त्याने 1973 मध्ये ब्राँक्समधल्या इमारतीत जो नाच ठेवला, तिथून हिपहॉपचा जन्म मोजतात.

मार्लीबद्दल दोनच गोष्टी. 1973 चा त्याचा अल्बम रॉक ऐकणाऱ्या परदेशी कानांना रुचावा म्हणून लंडनमध्ये त्यावर जादा गिटार चढवली गेली. पण खालचा पाया बॅरेट बंधूंचा होता, कार्लटनचा ढोल आणि ॲस्टनचा बेस, आणि तो वन ड्रॉप कुणी हलवला नाही. दुसरी गोष्ट 1980 ची. झिंबाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्री मार्ली तिथल्या स्टेडियमवर गायला, साहित्य स्वतःच्या खर्चाने नेऊन. पुढच्याच वर्षी, 36 व्या वर्षी तो गेला.

1985 मध्ये जमैकाचे संगीत-निर्माते किंग जॅमी यांनी एका लहानशा कॅसिओ कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर गाणं केलं आणि जमैकाचं संगीत एका रात्रीत यंत्रावर गेलं. तो ठेका बसवला होता जपानच्या हिरोको ओकुदा यांनी. विद्यार्थिदशेत त्या रेगेच्या वेड्या होत्या. 2018 मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या गोव्यात 2016 पासून रेगेचा महोत्सव भरू लागला.

आता एक तबकडी लावतो. नाव सांगणार नाही. किंग्स्टनच्या रिवाजाप्रमाणे लेबल खरवडलेलं आहे असं समजा. आधी आवाजासकट वाजेल, मग आवाजाशिवाय. 'एक'ला हात वर ठेवा.