वाण्याची वही आणि बेटावरचा घरखर्च

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं आवरून)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, आधी एक दुरुस्ती. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'अर्थतज्ज्ञ' असं छापलंय. ते मी नव्हे. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना 31 वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. सरासरी आणि मध्यक यांतला फरक ज्यांना परीक्षेच्या आदल्या रात्री कळतो, अशा मुलांना. पुढून तिसऱ्या रांगेत दोघं हसतायत ना, ते माझेच.

विषय आहे मॉरिशसमधला घरखर्च. लेक आणि जावई तिथे कात्र बोर्नला राहतात, त्यामुळे माझं जाणंयेणं असतं. आपल्याकडे मॉरिशस म्हटलं की एक तर मधुचंद्राची जाहिरात आठवते, नाहीतर 'तिथे आपली मराठी माणसं आहेत' हे वाक्य. दुसरं खरं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जी माणसं उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांत आपल्या कोकणातली पुष्कळ होती. आज गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. पण समुद्रकिनाऱ्याचे फोटो पुरे झाले हो. साडेबारा लाखांच्या आसपास माणसं त्या बेटांवर राहतात, सकाळी पाव आणतात, महिनाअखेरीला हात आखडता घेतात. त्यांचा फोटो कुणी दाखवत नाही.

तिथलं चलन रुपयाच. आपले जवळपास दोन रुपये म्हणजे त्यांचा एक. पुण्याहून पाहुणे आले की चार दिवस प्रत्येक किमतीला दोनने गुणतात आणि 'बाप रे' म्हणतात. पाचव्या दिवशी गुणायचं सोडतात आणि खरेदीला लागतात. त्या नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ, गुजराती आणि नागरी अक्षरं आहेत. 1998 साली नव्या नोटांवर तमिळ मजकूर नागरीच्या खाली गेला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. ही गोष्ट विषयाशी संबंधित नाही. मला आवडते म्हणून सांगितली.

आता विषय. तिथलं सरकारी सांख्यिकी खातं दर पाचेक वर्षांनी घरोघरी खर्चाची पाहणी करतं. 2012, 2017, 2023 अशा अलीकडच्या पाहण्या. हजारो घरं निवडतात, त्यांना वर्षभरात विभागतात, म्हणजे दिवाळी-नाताळ सगळं पकडलं जातं. प्रत्येक घरी एक वही देतात आणि म्हणतात, जे घ्याल ते लिहा. त्या वह्यांवरून ठरतं की महागाई मोजताना तांदळाला किती वजन द्यायचं आणि पेट्रोलला किती. माझं म्हणणं त्या वहीबद्दलच आहे. आपण तिच्यात काय लिहिलंय ते वाचतो. मी सांगतो, काय लिहायचं बंद झालं ते वाचा. ते का बंद झालं आणि त्याचे पैसे आता कोण भरतं, हे शोधा.

हे मला कसं सुचलं ते सांगतो, मग आकड्यांकडे येतो. अध्यक्षांनी पन्नास मिनिटं दिली आहेत, भरपूर वेळ आहे.

2020 च्या फेब्रुवारीत मी तिथे गेलो आणि अडकलो. 20 मार्चला टाळेबंदी लागली. चार-पाच दिवसांत सुपरमार्केटंही बंद. बेटावर दुकान बंद होणं म्हणजे काय, हे इथे बसून कळायचं नाही. तिथलं तीन चतुर्थांश अन्न बाहेरून जहाजानं येतं. जमीन पिढ्यान्‌पिढ्या उसाखाली. तेव्हा फडताळात जे आहे ते आहे. आमच्या फडताळात काय होतं? माझ्या पत्नीनं इथून पाठवलेलं मेतकूट आणि कुळथाचं पीठ. त्या दहा दिवसांत आमच्या जावईबापूंना कुळथाची पिठी आवडू लागली. आधी आठ वर्षं आवडत नव्हती.

2 एप्रिलला दुकानं उघडली, पण आडनावाच्या पहिल्या रोमन अक्षरानुसार. ए ते एफ सोमवारी आणि गुरुवारी. जी ते एन मंगळवारी आणि शुक्रवारी. ओ ते झेड बुधवारी आणि शनिवारी. आत एका वेळी थोडीच माणसं, प्रत्येकाला अर्धा तास. जावई वैद्य, म्हणजे बुधवार-शनिवार. लेकीनं लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं. त्या वेळी आमच्या विहीणबाई थोड्या नाराज झाल्या होत्या, ते असो. लेक गोखले, म्हणजे मंगळवार-शुक्रवार. एका घराला आठवड्यातले चार दिवस मिळाले! विहीणबाईंनी इथून फोनवर सांगितलं, "बरं केलंस हो, नाव राखलंस."

त्यात मीही गोखले. लेक दमली की मी पासपोर्ट घेऊन रांगेत. पहारेकऱ्यानं पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, यातलं आडनाव कुठलं? माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नावही आहे, त्यांचं नाव दामोदर, डी. त्या हिशेबानं मी कालच यायला हवं होतं. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी त्यानं मला पिकल्या केसांवर आत सोडलं.

तर त्या अर्ध्या तासात मी खरेदी कमी केली आणि लोकांच्या ट्रॉल्या बघितल्या. सवय, दुसरं काय. ज्याला अर्धाच तास मिळालाय तो माणूस काय उचलतो? तांदूळ, मसूर, तेल, नूडल्स, डबाबंद मासे. आणि दूध पावडर. तिथे घरोघरी चहा पावडरच्या दुधाचा, आणि ती पावडर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येते. चारी बाजूंनी समुद्र असताना डब्यातला मासा आणि पाच-सहा हजार मैलांवरचं दूध. मी लेकीला म्हटलं, ही तर जहाजाची यादी आहे, घराची नव्हे.

हे मी शेजारच्या आजींना सांगितलं. आजी मूळच्या व्हाकवाच्या, मराठी घरातल्या. आरत्या सगळ्या पाठ. बोलणं क्रेओल, भोजपुरी आणि मराठी यांची खिचडी, पण मला कळायचं. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी कसली ट्रॉली, 'कार्ने' होतं.

कार्ने म्हणजे वही. गावाच्या कोपऱ्यावर चिनी माणसाचं दुकान असायचं, त्याला म्हणायचे 'लाबुतिक सिनवा'. मळ्यावरच्या मजुराच्या हातात पगार येईपर्यंत सगळं उधारीवर. तांदूळ, डाळ, रॉकेल, खारवलेला मासा. दुकानदार वहीत लिहायचा आणि पगाराच्या दिवशी हिशेब व्हायचा. आपल्याकडे वाण्याची लाल वही होती, अगदी तीच. फरक एवढाच की आपल्या वाण्याकडे रम मिळत नसे. तिथे त्याच दुकानाच्या एका बाजूला रम मापानं मिळायची.

आणि ती रमही वहीत जायची. आता वही तर घरातली बाई बघणार. मग आजींचे यजमान आणि दुकानदार यांनी एक तोड काढली. रम घेतली की वहीत लिहायचं: मेणबत्ती. आजींना वाचता येत नव्हतं, पण मोठी मुलगी शाळेत जायला लागली. ती एक दिवस वही वाचून म्हणाली, आई, आपण या महिन्यात बावीस मेणबत्त्या घेतल्या. घरात वीज येऊन तेव्हा वर्ष झालं होतं! आजी वही घेऊन दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, बावीस मेणबत्त्या दे. त्यानं मुकाट्यानं बावीस मेणबत्त्या मोजून दिल्या, आणि त्या काही वहीत लिहिल्या नाहीत. हे सांगताना आजी इतक्या हसल्या की त्यांची सून बाहेर आली.

हसू नका, हा संख्याशास्त्राचा धडा आहे. घरखर्चाच्या पाहणीत लोक दारू-सिगारेट नेहमी कमी सांगतात, हे जगभरच्या आमच्या जमातीला ठाऊक आहे. मॉरिशसच्या 2012 च्या पाहणीवरून महागाईचा जो निर्देशांक बांधला, त्यात दारू आणि तंबाखूचं वजन 10 टक्क्यांच्या जवळ होतं. कपडेलत्ते आणि औषधपाणी एकत्र केलं तरी त्याहून कमी. यात सरकारच्या करांचा वाटा मोठा आहे, माणसं काही तेवढी पीत नाहीत. तरी मला दर वेळी त्या मेणबत्त्या आठवतात.

(इथे व्यासपीठावर चिठ्ठी आली.) बारा मिनिटं? मंडळी, मला वाटलं अर्धं झालं असेल. बरं. दाळपुरीवर एक मोठा मुद्दा होता, तो गाळतो. एवढंच सांगतो की ती आपल्या पुरणपोळीची गुळाशिवायची बहीण आहे आणि नेहमी जोडीनं विकली जाते. आता भराभर.

1857 साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं नियम मांडला. मार्क्सचा मित्र तो वेगळा, दर वर्षी मुलं दोघांना एक करतात. नियम असा की उत्पन्न वाढलं की खर्चात अन्नाचा वाटा घटतो. मॉरिशसमध्ये तो 2001-02 च्या पाहणीत 30 टक्के होता, 2012 ला 27 आणि पुढे पाव हिश्शाच्या आसपास आला. पुस्तक म्हणतं, लोक सुखवस्तू झाले. झालेच. 1961 मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल फार काळजी व्यक्त केली होती. पुढे त्यांना नोबेल मिळालं आणि बेटानं त्यांना खोटं पाडलं. आधी साखर, मग कापडाचे कारखाने, पर्यटन, बँका.

पण अर्धी गोष्ट यादीतून गेलेल्या ओळींची आहे. स्वस्त तांदूळ आणि पीठ सरकारी व्यापार महामंडळ आयात करतं आणि तोटा सोसून विकतं, पावाचा भावही सरकार ठरवतं. सरकारी दवाखाना फुकट. माध्यमिक शिक्षण 1977 पासून फुकट. विद्यार्थी आणि म्हातारी माणसं यांना बसप्रवास 2005 पासून फुकट. घरभाड्याची ओळ बहुतेकांकडे नाहीच, कारण दहापैकी जवळपास नऊ घरं राहणाऱ्यांच्या मालकीची. 1960 साली कॅरोल नावाचं चक्रीवादळ आलं, पत्र्यांची नि लाकडाची घरं उडाली आणि त्यानंतर देश सिमेंटकडे वळला. गच्चीवर लोखंडी सळ्या तशाच वर ठेवतात, पुढे मुलाचा मजला चढवायचा म्हणून. आपल्याकडेही ठेवतात. तिथे बहुतेक वेळा चढतो.

मग सुटलेला पैसा गेला कुठे? पहिलं, गाडी. वाहतुकीचा वाटा 15 टक्क्यांच्या घरात. साडेबारा लाख माणसांत नोंदलेली वाहनं सहा लाखांवर. बस फुकट झाली ती म्हाताऱ्यांना आणि मुलांना, मधल्या वयाच्या माणसानं मोटार घेतली. दुसरं, शिकवणी. शाळा फुकट आणि शाळा सुटल्यावर त्याच विषयाची शिकवणी विकत. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तिसरं, हप्ते. कार्ने गेलं असं म्हणतात, मला नाही पटत. फ्रीज, सोफा, टीव्ही, मोबाइल सगळं मासिक हप्त्यावर मिळतं. वही दुकानातून कंपनीच्या संगणकात गेली, इतकंच. तिथला माणूस 'मेणबत्ती' लिहून घेत नाही.

चौथं, आणि मला खरं तर इथपर्यंत लवकर यायचं होतं. जे यादीत उरलंय ते जहाजानं येतं, म्हणजे डॉलरात येतं. 2019 संपताना डॉलरला त्यांचे सुमारे 36 रुपये पडायचे, 2022 मध्ये 44 च्या आसपास. पर्यटक दीड वर्ष जवळजवळ नव्हतेच, त्यात जहाजभाडं चढलं, युक्रेनचं युद्ध आलं. 2022 ची महागाई 10.8 टक्के. आजींच्या घरी चहा तोच, पावडरचा डबा लहान झाला. टक्केवारीत हे दिसत नाही. खर्च तेवढाच, वाटाही तेवढाच, डबा लहान.

त्यावर सरकारनं उत्तर दिलं पगारातून. किमान वेतन 2018 साली आलं, 2024 ला ते 16,500 रुपये झालं. तेरावा पगार डिसेंबरात पूर्वीपासून मिळतोच, 2024 च्या निवडणुकीत चौदाव्याचं वचन दोन्ही बाजूंनी दिलं. वयाच्या साठीला सरसकट मिळणारं पेन्शन निवडणुकीगणिक वाढत गेलं आणि 2025 च्या अर्थसंकल्पात वय टप्प्याटप्प्यानं 65 करायचं ठरलं, तेव्हा लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. कारण साठीनंतरच्या कित्येक घरांचं सगळं गणित त्या पैशावर मांडलेलं. यादीतून गेलेली ओळ परत यादीत लिहायला सांगितली की माणूस चिडतो, तांदूळ महाग झाल्यावर चिडतो त्याहून जास्त. हे मला आकड्यांनिशी दाखवायचं होतं, तक्ता आणलाय, पण अध्यक्ष घड्याळ माझ्याकडे वळवून बसले आहेत.

तक्ता बाहेर टेबलावर ठेवतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. चहा दुधाचा आहे ना?